गेम अडखळतोय: रॅम आणि प्रोसेसरच्या व्होल्टेजला हात लावू का? (बजेट २००० रु.)

वऱ्हाडी_पिंग:
नमस्कार मंडळी, अकोल्याहून लिहितोय. मशीन असं आहे: रायझन ५ ५६०० प्रोसेसर, बी४५० बोर्ड, डीडीआर४ ३२०० रॅमच्या ८-८ जीबीच्या दोन स्टिक, आरएक्स ६६०० ग्राफिक्स कार्ड, विंडोज ११. एफपीएस (सेकंदाला चित्रं) ९०-१०० दिसतात, पण मध्येच चित्र अर्धा सेकंद गोठतं. नेमकी तेव्हा समोरून गोळी आली की खेळ संपला. एका व्हिडिओत सांगितलं की रॅमचं व्होल्टेज थोडं वाढवायचं, प्रोसेसरचं कमी करायचं, मग अडखळणं जातं. करू का? खर्चाला दोनच हजार आहेत. याच मशीनवर बाबांचं हिशेबाचं टॅली असतं, म्हणून जीव धजावत नाही.

लॅमिंग्टन_रिटर्न्स:
भाऊ, एएम४ मध्ये, म्हणजे तुझ्या जुन्या सॉकेटच्या बोर्डात, आता पैसे घालू नकोस. मी ७८००एक्स३डी प्रोसेसर घेतला, ९६ एमबी एल३ कॅश (प्रोसेसरमधलीच वेगवान मेमरी) आहे. तुझ्या ५६०० ला ३२. अडखळणं काय असतं ते मी विसरलोय. बोर्ड आणि डीडीआर५ सोबत घ्यावी लागेल एवढंच.

वऱ्हाडी_पिंग:
दादा, दोन हजार म्हटलंय.

सोल्डरगन:
व्होल्टेज राहू दे बाजूला. टास्क मॅनेजर उघड, परफॉर्मन्स, मेमरी. स्पीड किती दिसतो? आणि स्टिक कुठल्या स्लॉटमध्ये आहेत ते झाकण उघडून बघ.

वऱ्हाडी_पिंग:
स्पीड २१३३! सीपीयू-झेड या माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रामात तर १०६६ च. स्टिक प्रोसेसरजवळच्या पहिल्या दोन स्लॉटमध्ये शेजारी-शेजारी आहेत. दुकानदारानेच जोडून दिलं होतं.

शनिवारवाडा_६०हर्ट्झ:
१०६६? खोटी रॅम गळ्यात मारली तुझ्या. माझ्या मेव्हण्याला असाच एकाने गंडवला. आजच बिल घेऊन जा आणि बदलून माग.

सोल्डरगन:
खोटी नाही हो. डीडीआर म्हणजे डबल डेटा रेट, एका ठोक्याला दोनदा डेटा जातो. सीपीयू-झेड ठोके दाखवतं, टास्क मॅनेजर त्याची दुप्पट. १०६६ आणि २१३३ एकच.
दुखणं वेगळं आहे. एक्सएमपी (रॅम तिच्या लिहिलेल्या वेगावर चालवणारं बायोसमधलं सेटिंग) बंद आहे, त्यामुळे ३२०० ची रॅम २१३३ वर चालतेय. रायझनमध्ये इन्फिनिटी फॅब्रिक (प्रोसेसरचे भाग जोडणारी आतली वाट) ऑटोवर असलं की रॅमच्या ठोक्याबरोबर चालतं, म्हणजे रॅम मंद तर तेही मंद. त्यात चार स्लॉटच्या बोर्डावर शेजारचे दोन स्लॉट बहुधा एकाच चॅनलचे असतात, म्हणजे ड्युअल चॅनलही (दोन वाटांनी एकदम डेटा नेणं) गेलं. प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये टाक, आधी मॅन्युअल बघून घे. मग एक्सएमपी. व्होल्टेज १.२ वरून १.३५ ते आपोआप होईल, ते तुझ्या स्टिकसाठीच ठरवलेलं असतं.

अल्ट्रा_सेटिंग:
एक्सएमपी ऑन कर. मग माझं ऐक, कर्व्ह ऑप्टिमायझर (प्रोसेसरचं व्होल्टेज कमी करायचं सेटिंग) सगळ्या कोअरना उणे ३०. माझा ५६००एक्स दोन वर्षं असाच आहे, तापमान आठ डिग्रीने उतरलं, सिनेबेंच या वेग मोजणाऱ्या चाचणीचा स्कोअर वाढला.

थीसिस_चालू_आहे:
उणे ३० सरसकट कुणाला सांगू नका, प्लीज. प्रत्येक चिप वेगळी. मी उणे २५ ठेवलं होतं, सिनेबेंच रात्रभर चाललं. आठवड्याने फक्त वर्ड उघडं असताना मशीन रीस्टार्ट झालं आणि थीसिसच्या एका प्रकरणाची फाइल उघडेना. पूर्ण लोडमध्ये सगळे कोअर मिळून वेग जरा खालीच असतो. हलक्या कामात एकच कोअर सगळ्यात वर जातो आणि व्होल्टेज तिथे कमी पडतं. कोअरसायकलर या टूलने एकेक कोअर तपासायला हवा होता, ते मला नंतर कळलं. पिंग, तुझ्याकडे टॅली आहे. आधी बॅकअप.

अल्ट्रा_सेटिंग:
ताई, माझं तर एकदाही रीस्टार्ट झालं नाही.

थीसिस_चालू_आहे:
तुझी चिप चांगली निघाली. त्याची कशी निघेल, ते तुला माहीत नाही.

शनिवारवाडा_६०हर्ट्झ:
इंटेलचं बघा ना, १३ व्या-१४ व्या पिढीला जास्त व्होल्टेजनेच मारलं. व्होल्टेज ही खेळायची वस्तू नाही.

सोल्डरगन:
ते प्रकरण खरं आहे. २०२४ च्या ऑगस्टमध्ये त्यासाठी ०एक्स१२९ मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांचा अपडेट) आला. पण तिथे दोष वाढीव व्होल्टेजचा, इथे चर्चा कमी करण्याची. वेगळा धागा काढा.

बायोस_२०१९:
कुणी एफटीपीएमचं (प्रोसेसरमधल्या सुरक्षेच्या सोयीचं) बोललंच नाही! बायोस, म्हणजे बोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर, कधीचं आहे? २०२२ मध्ये एएमडीनेच मान्य केलं की एफटीपीएममुळे विंडोज १० आणि ११ वर मशीन अधूनमधून अडखळतं. दुरुस्ती एजीसा (बायोसमधला एएमडीचा कोड) १.२.०.७ असलेल्या बायोसमध्ये आली. बिटलॉकर (विंडोजचं ड्राइव्हला लागणारं कुलूप) चालू असेल तर अपडेटच्या आधी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेव, नाहीतर टॅलीसकट ड्राइव्ह कुलूपबंद. आणि वीज जायच्या वेळेत बायोस फ्लॅश करू नकोस.

लॅमिंग्टन_रिटर्न्स:
एवढा खटाटोप करण्यापेक्षा निदान ३२ जीबीचा नवा किट घे. आणि एक्सएमपी ऑन कर.

वऱ्हाडी_पिंग:
केलं सगळं, हिशेब देतो. टॅलीचा बॅकअप पेनड्राइव्हवर. स्टिक दुसऱ्या-चौथ्या स्लॉटमध्ये. बायोस २०२१ चं निघालं, यूपीएसवर बसून अपडेट केलं. एक्सएमपी ३२०० लावलं आणि गेम इतका सुरळीत चालला की मी दोनदा तोच सामना खेळलो. मग मेमटेस्ट८६ हा रॅमच्या चुका शोधणारा प्रोग्राम लावला, तिसऱ्या फेरीत दोन एरर.

अल्ट्रा_सेटिंग:
रॅमला १.३८ व्होल्ट दे. काही होत नाही.

सोल्डरगन:
१.३८ ने डीडीआर४ मरत नाही, हे खरं. एसओसी व्होल्टेज (प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरचं) १.१ वर आहे का तेही बघ. दोन्ही करून पुन्हा चार फेऱ्या. तरीही एरर आली तर स्टिक वॉरंटीत दे.

बायोस_२०१९:
१.३८ ला माझंही मत.

वऱ्हाडी_पिंग:
मी उलटं केलं. रॅम ३००० वर आणली, व्होल्टेज १.३५ च. चार-चार फेऱ्या तीनदा चालवल्या, एकही एरर नाही. गोठणं थांबलंय. दोनशेचा फरक मला खेळताना कळत नाही. प्रोसेसर ऑटोवरच राहील, बाबांच्या वहीखात्यावर मी प्रयोग करणार नाही.

अल्ट्रा_सेटिंग:
दोनशे मेगाहर्ट्झ फुकट सोडले रे.

सोल्डरगन:
३२०० चे पैसे दिलेत तर ३२०० मिळायला हवेत. वॉरंटी संपायच्या आत जाच.

वऱ्हाडी_पिंग:
वॉरंटीला पाठवली तर महिनाभर मशीन बंद, आणि टॅक्स रिटर्नची तारीख तोंडावर आहे. नाही जाणार. दोन हजारांतून खोलीतल्या कूलरच्या नव्या ताट्या आणि पंप आणलाय. मेमटेस्ट दुपारी लावला होता तेव्हा खोलीत ४१ डिग्री होते, एरर त्याच वेळी आल्या. आता संध्याकाळी पुन्हा ३२०० लावून बघेन.

थीसिस_चालू_आहे:
कूलरचा झोत केबिनेटवर येऊ देऊ नकोस, ओलावा आत जातो. खिडकी उघडी ठेव.

वऱ्हाडी_पिंग:
केबिनेट पलंगाच्या त्या बाजूला सरकवलंय, ताई.