एकाच रात्री दोन्ही नको

एक्स्चेंज या मायक्रोसॉफ्टच्या मेल सर्व्हरच्या २०१० आवृत्तीवरून २०१६ वर जायचं आणि त्याच शनिवारी रात्री हार्डवेअर लोड बॅलन्सरही (येणारं काम अनेक सर्व्हरांत वाटून देणारं उपकरण) बसवायचा, हा बेत मला पटत नाही. रविवारी मेल अडली तर दोष कुणाचा हे शोधण्यातच दिवस जाईल. आधी बॅलन्सर जुन्या सर्व्हरांपुढे लावा, आठवडाभर चालू द्या, मग मागचे सर्व्हर बदला. फक्त २०१० साठी बॅलन्सरला प्रत्येक युजर दर वेळी त्याच्या त्याच सर्व्हरवर पाठवावा लागतो. २०१३ पासून ती अट नाही, तेव्हा ते सेटिंग नंतर काढता येईल.

खरी भीती पोर्ट २५ ची, म्हणजे सर्व्हरवर मेल ज्या दारातून येते त्याची आहे. बॅलन्सर सोर्स नॅट करत असेल, म्हणजे पाठवणाऱ्याच्या आयपी पत्त्याजागी स्वतःचा पत्ता टाकत असेल, तर बाहेरून येणारी प्रत्येक मेल सर्व्हरला बॅलन्सरच्याच आयपीवरून आलेली दिसते. प्रिंटर-स्कॅनरसाठी केलेल्या रिले कनेक्टरच्या (ठरावीक आयपींना पासवर्डशिवाय बाहेर मेल पाठवू देणारं सेटिंग) रेंजमध्ये तो आयपी बसला, की तुमचा सर्व्हर जगासाठी ओपन रिले झालाच, कुणीही त्यावरून स्पॅम पाठवावं! मग ब्लॅकलिस्टमधून नाव काढताना नाकी नऊ येतात. म्हणून कनेक्टरची यादी एकेक आयपी लिहून करा, आख्खा सबनेट, म्हणजे आयपींचा सगळा गट, कधीच टाकू नका. आणि बाहेरच्या नेटवरून टेलनेटने (सर्व्हरच्या पोर्टशी हाताने बोलायचं साधन) रिले करून बघितल्याशिवाय उठू नका.

सर्व्हर चालू आहे का हे बॅलन्सर ज्याने बघतो ते हेल्थ चेकही नुसतं पोर्ट उघडं आहे का एवढंच बघणारं नको. सर्व्हिस गचकली तरी पोर्ट उघडं राहू शकतं. २०१६ मध्ये प्रत्येक वेब प्रोटोकॉलसाठी वेगळं हेल्थचेक डॉट एचटीएम पान असतं, ते २०० (म्हणजे ‘सगळं ठीक’ असा कोड) देतंय का ते तपासा. आयमॅपने (मेल वाचायची एक पद्धत) मेल बघणारे असतील तर बॅलन्सरवरचा आयडल टाइमआउट, म्हणजे शांत पडलेलं कनेक्शन तोडायची वेळ, ३० मिनिटांपेक्षा जास्त ठेवा.