गागारिन नेमका कशानं गेला? दारूची गोष्ट खरी आहे का?

निळा_पतंग
काल आमच्या फॅमिली ग्रुपवर कोणीतरी फॉरवर्ड टाकला की अंतराळात गेलेला पहिला माणूस युरी गागारिन दारू पिऊन विमान चालवत होता म्हणून मेला, आणि खाली लगेच चौघांनी अंगठे दिले. मला फार लागलं ते. आमचे आजोबा गिरणीत होते, १९६१ ला गागारिन मुंबईत आला तेव्हा शिफ्ट बदलून त्याला बघायला गेले होते आणि शेवटपर्यंत सांगायचे, एवढासा माणूस पण हसला की अख्खी गर्दी हसायची. तर खरं काय झालं होतं कोणी नीट सांगेल का? ट्रेनिंगचं विमान होतं म्हणतात, पण जो माणूस अंतराळात जाऊन आला त्याला ट्रेनिंग कसलं? आणि मागे इन्स्ट्रक्टर बसलेला असताना दोघंही का गेले?

ढगांपलीकडे
आधी दारूचं. तपासणीत दोघांच्याही शरीरात अल्कोहोल सापडलं नव्हतं, हे ग्रुपवर टाका आणि तो विषय संपवा.

आता ट्रेनिंग कसलं ते. अंतराळात जाऊन आल्यावर त्याला जगभर फिरवलं, हारतुरे, भाषणं, त्यात विमान उडवणं जवळजवळ सुटलंच. त्यात १९६७ च्या एप्रिलमध्ये सोयुझ-१ हे यान परत येताना पडून त्यातला अंतराळवीर कोमारोव गेला, त्या मोहिमेत गागारिन त्याचा राखीव होता, आणि मग वरच्यांनी ह्याला जपायला सुरुवात केली, हा गेला तर देशाचं काय. पण त्याला शोभेचा हिरो व्हायचं नव्हतं हो, पायलटच राहायचं होतं. फेब्रुवारी १९६८ मध्ये झुकोव्स्की अकॅडमीतून, म्हणजे हवाई दलाच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून, पास झाला आणि पुन्हा शिकाऊ पोरासारखा मिग-१५ यूटीआयमध्ये बसला. ही मिग-१५ ची दोन सीटवाली, शिकाऊंसाठीची जात. पुढे गागारिन, मागे व्लादिमीर सेर्योगिन, रेजिमेंटचा कमांडर, महायुद्धातला नावाजलेला पायलट. २७ मार्चची ती चेक फ्लाइट नीट झाली की गागारिनला पुन्हा एकट्यानं लढाऊ विमान उडवायची परवानगी मिळणार होती.

मॉस्कोजवळच्या चकालोव्स्की तळावरून सकाळी १० वाजून १८-१९ मिनिटांनी उडाले. नेमून दिलेल्या भागातला सराव जवळपास वीस मिनिटांचा ठरलेला, पण पाचेक मिनिटांतच गागारिननं रेडिओवर काम झालं म्हणून सांगितलं आणि परत फिरायची परवानगी मागितली, आवाज अगदी शांत. त्यानंतर मिनिटभरात विमान किर्झाचजवळच्या नोवोसेलोवो गावाशेजारी जंगलात आदळलं. गागारिन ३४ वर्षांचा होता.

हँगर_नंबर_दोन
मी नाशिकजवळ ओझरच्या विमान कारखान्यात मिगच्या कामात होतो, रिटायर होऊन नऊ वर्षं झाली. मिग-१५ ला हात लागला नाही पण थोडं सांगतो.

लोक त्या शेवटच्या मिनिटाबद्दल विचारतात, मी उड्डाणाच्या आधीची सकाळ बघतो. विमानाच्या पंखांखाली इंधनाच्या २६० लिटरच्या दोन जादा टाक्या तशाच लावलेल्या होत्या. कसरतींच्या उड्डाणाला त्या नको असतात, कारण पंखाखाली असं वजन लटकलं की विमान आळशी होतं, एकदा स्पिनमध्ये, म्हणजे गिरक्या खात खाली पडायला, गेलं की बाहेर काढायला जास्त उंची खातं. त्यात ढगांचे थर एकावर एक. हवामान बघून येणाऱ्या विमानाची माहिती यायच्या आधीच हे निघाले, आणि जी माहिती मिळाली ती जुनी, म्हणजे खालचा ढग आपल्याला वाटतो त्यापेक्षा जमिनीच्या बराच जवळ आहे हे दोघांना कळायला मार्गच नव्हता. ढगात असताना आकाश कुठे आणि जमीन कुठे हे शरीराला समजत नाही, कान चुकीचं सांगतो, फक्त यंत्रांवर विश्वास ठेवायचा असतो. तुम्ही गिरक्या खात ढगातून बाहेर पडता, मनात हिशोब की अजून उंची आहे, आणि समोर झाडं.

तपासात असं दिसलं की आदळेपर्यंत इंजिन चालू होतं आणि विमान सुळकांडीतून वर ओढलं जात होतं. म्हणजे शेवटपर्यंत हे दोघं काम करत होते. आणखी थोडी उंची हातात असती तर सुटले असते. दारू पिऊन असं होत नाही. माझ्या डोक्यात ते फॉरवर्ड वाचून तिडीक गेली.

सह्याद्री_८४
पण लिओनोव तर म्हणाला होता ना की दुसरं सुखोई जवळून गेलं म्हणून? मग सरकारी रिपोर्ट खरा की लिओनोव?

ढगांपलीकडे
अलेक्सी लिओनोव, पहिला स्पेसवॉक करणारा, तो त्याच सकाळी किर्झाचला पॅराशूट सरावावर होता. त्यानं दोन धडाके ऐकले, एक-दोन सेकंदांच्या अंतरानं, त्याच्या मते एक आवाजाचा वेग ओलांडल्याचा आणि दुसरा आदळल्याचा. २०१३ मध्ये उघड बोलला की एक सुखोई-१५ ठरलेली उंची सोडून खाली आलं, ह्यांच्या अगदी जवळून सुसाट गेलं आणि त्याच्या झोतानं मिग उलटलं. सरकारी कमिशनचे २९ खंड आणि तेही गुपित, निष्कर्ष बाहेर आला थेट २०११ ला: हवामानाचा फुगा किंवा ढगाचा वरचा थर चुकवायला झटक्यात वळवलं असावं आणि विमान स्टॉल झालं, म्हणजे पंखांचा उचल संपून खाली पडायला लागलं. कुझनेत्सोव नावाच्या एकाचं म्हणणं वेगळंच, कॉकपिटचं व्हेंट, म्हणजे हवेची झडप, उघडं राहून ऑक्सिजन कमी पडला. मला हे शेवटचं पटत नाही, रेडिओवर इतकं व्यवस्थित बोलणारा माणूस मिनिटभरात गुंगेल एवढ्या उंचीवर ते नव्हतेच.

फुगा की सुखोई हे मी सांगू शकत नाही. पण झटका कशाचाही असो, काका म्हणतात तेच, टाक्या आणि ढगाची चुकीची माहिती नसती तर त्या झटक्यातून विमान सावरलं असतं.

निळा_पतंग
खूप खूप आभार, काका तुमचे विशेष. पण इजेक्शनचं राहिलं. अंतराळातून येताना तर तो यानातून सात किलोमीटरवर बाहेर फेकला जाऊन पॅराशूटनं उतरला होता ना, मग इथे का नाही?

हँगर_नंबर_दोन
यूटीआयमध्ये आधी मागच्यानं बाहेर पडायचं, मग पुढच्यानं, नाहीतर पुढच्या सीटचा जाळ मागच्यावर येतो. ढगातून बाहेर आल्यावर हातात काही सेकंद, त्यात दोघांनी एकापाठोपाठ निघायचं की काठी (विमान वर-खाली करायचा दांडा) ओढून विमान वाचवायचं? त्यांनी काठी ओढली.

ढगांपलीकडे
आणि लोकांनाही तो बाहेर पडला असेल असंच वाटत होतं. दुपारी हेलिकॉप्टरला खड्डा दिसला, सेर्योगिनची ओळख त्याच दिवशी पटली, गागारिनची नाही. म्हणून रात्रभर आशा होती की तो पॅराशूटनं कुठेतरी उतरला असेल, बर्फात शोधत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी झाडाच्या फांदीवर त्याच्या जाकिटाचा तुकडा अडकलेला सापडला, खिशात त्याच्या नावाची नाश्त्याची कुपनं होती.