तीन संगणक, एक टेबल : केव्हीएम स्विच कोणता घ्यावा?

प्रश्न
नमस्कार. शिरोली एमआयडीसीतील एका फौंड्रीच्या डिझाइन विभागात मी काम करतो. माझ्या टेबलावर पॅटर्नच्या ड्रॉइंगचा, टॅलीचा आणि सीएनसी मशिनला प्रोग्रॅम पाठवणारा जुना, फक्त व्हीजीए पोर्ट असलेला, असे तीन संगणक आहेत. तीन कीबोर्ड मांडल्यावर ए-१ आकाराचे ड्रॉइंग पसरायला जागाच उरत नाही. तिन्ही संगणक एका फोर-के मॉनिटरवर आणण्यासाठी चार पोर्टांचा केव्हीएम स्विच (एकच कीबोर्ड, माउस आणि मॉनिटर अनेक संगणकांना आळीपाळीने जोडणारी पेटी) घ्यावा का?

उत्तर १
पोर्ट मोजण्याआधी एचडीएमआयची आवृत्ती पाहावी. खोक्यावर फोर-के लिहिलेले असले तरी आत एचडीएमआय १.४ असेल, तर फोर-केला सेकंदाला ३० चित्रे, म्हणजे ३० हर्ट्‌झच मिळतात आणि ड्रॉइंग करताना माउसचा बाण हाताच्या मागे राहतो. ६० हर्ट्‌झसाठी २.० हवे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ईडीआयडी इम्युलेशन, म्हणजे मॉनिटरची ओळख स्विचने प्रत्येक संगणकाला सतत देत राहणे. ते नसेल, तर दुसऱ्या संगणकाकडे वळताच पहिल्याला मॉनिटर काढून घेतल्यासारखे वाटते आणि परत यावे तोवर उघड्या विंडो विस्कटलेल्या असतात. येथे पैसे वाचवू नयेत, असे मी आग्रहाने सांगेन. कॅडचे (ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरचे) लायसन्स डोंगलवर, म्हणजे यूएसबीला लावायच्या किल्लीवर असेल, तर ते स्विचला न लावता थेट संगणकालाच लावावे, कारण स्विच फिरला की त्याचा संगणकाशी संपर्क तुटतो.

उत्तर २
मी उद्यमनगरात जॉबवर्क करतो. जुन्या संगणकाबाबत माझे मत वेगळे आहे. व्हीजीएचा सिग्नल ॲनालॉग असल्याने साधी केबल चालत नाही, पण कन्व्हर्टर लावून काम भागते. अडचण ती नाही. प्रोग्रॅम मशिनच्या मेमरीत मावत नसल्यामुळे डीएनसीने, म्हणजे संगणकावरून केबलने थेट मशिनला, तुकड्यातुकड्याने जात असेल, तर तो पडदा सतत डोळ्यांसमोर असायलाच हवा. तुम्ही टॅली उघडून बसलात आणि तिकडे पाठवणे थांबले, तर ते कळणार कसे? तो संगणक त्याच्या जुन्या मॉनिटरसह वेगळाच ठेवा.

प्रश्नकर्ता
दोघांचेही आभार. आमचे डायचे प्रोग्रॅम डीएनसीनेच जातात, त्यामुळे जुना संगणक मशिनशेजारी हलवतो. संगणकातून मशिनला जाणारी आरएस-२३२ ची केबलही आखूड होईल. उरलेल्या दोघांसाठी एचडीएमआय २.० चा, ईडीआयडी इम्युलेशन असलेला दोन पोर्टांचा स्विच पाहतो.