मदत हवी आहे: 'गुजसीटोक हवाच' ही बाजू मराठीत कशी मांडावी?

नमस्कार मंडळी,

आम्ही बडोद्याचे, दांडिया बाजारात आमची चौथी पिढी. लेक कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मंडळाच्या वादविवाद स्पर्धेत विषय आलाय: 'राज्यांना स्वतःचे कडक फौजदारी कायदे हवेतच'. चिठ्ठीत तिला अनुकूल बाजू निघाली आणि बाईसाहेब मनातून पक्क्या विरोधात! रविवारी पाच मिनिटं बोलायचंय.

उदाहरण घरचंच घेतलंय, गुजसीटोक, म्हणजे दहशतवाद आणि संघटित गुन्हेगारीविरुद्धचा गुजरातचा कायदा. तुमच्याकडच्या 1999 च्या मोक्क्याचा धाकटा भाऊ म्हणा. फौजदारी कायदा समवर्ती सूचीत येतो, म्हणजे त्यावर केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदे करता येतात, त्यामुळे केंद्राच्या कायद्याला छेद देणारं कलम राज्याला टिकवायचं तर घटनेच्या 254(2) प्रमाणे राष्ट्रपतींची संमती लागते. तिथेच याचं घोडं अडलं. पहिलं विधेयक 2003 चं; कलामांनी ते फोन टॅपिंगच्या कलमावरून परत पाठवलं. 2015 मध्ये दहशतवाद जोडून नवं विधेयक मंजूर झालं, कोविंदांची संमती नोव्हेंबर 2019 मध्ये मिळाली आणि 1 डिसेंबरपासून कायदा लागू झाला. एवढा इतिहास ती घडाघडा म्हणते.

अडते ती कबुलीजबाबावर. एरवी पोलिसांपुढे दिलेली कबुली कोर्टात चालत नाही (पूर्वीच्या पुरावा कायद्याचं कलम 25). गुजसीटोकमध्ये मात्र पोलीस अधीक्षकानं (एसपी) किंवा त्यावरच्या अधिकाऱ्यानं नोंदवलेली चालते. काल स्वयंपाकघरात ओट्याला टेकून सराव चालला होता, मी मोबाइलवर वेळ लावलेली. तिसऱ्या मिनिटाला या कलमाशी आली आणि गप्प. "आई, याची बाजू मी कशी घेऊ?" त्यात 'आरोपपत्र'ऐवजी तोंडात गुजराती 'तहोमतनामू' आलं. सासूबाई शेंगा सोलता सोलता म्हणाल्या, "परीक्षक पुण्याचे असले तर झालंच!"

मोक्क्याच्या खटल्यांचा अनुभव असलेलं इथे कुणी आहे का? भाषण लिहून नको. प्रामाणिकपणे पटेल असा मुद्दा हवाय.

प्रतिसाद 1

ताई, नाशिकला वकिली करतो, बहुतेक वेळा आरोपीच्या बाजूनं. तरी सांगतो. या कलमापासून सुरुवात करू नका. आधी मोक्का कुणाला लागतो ते सांगा: गेल्या दहा वर्षांत टोळीवर एकाहून जास्त आरोपपत्रं हवीत आणि कोर्टानं त्यांची दखल घेतलेली हवी. पाकीटमाराला तो लागत नाही. मग साक्षीदारावर या. खंडणीच्या खटल्यात दुकानदार पिंजऱ्यात उभा राहिला की टोळीची माणसं मागच्या बाकावर बसलेली असतात. साक्ष फिरते. हे मी स्वतः पाहिलंय, आणि फिरली म्हणून माझे अशील सुटलेही आहेत.

कबुलीसाठी: टाडा या जुन्या दहशतवादविरोधी कायद्यातलं असंच कलम सुप्रीम कोर्टानं 1994 मध्ये बहुमतानं वैध ठरवलं, पण सोबत पथ्यं घालून दिली. मोक्क्यात कबुलीनंतर आरोपीला मॅजिस्ट्रेटपुढे उभं करावं लागतं. तिनं एवढंच म्हणावं की कलम ठेवा, पथ्यं पाळा. "पोलीस मारत नाहीत" असं चुकूनही म्हणू नये, सभागृह हसेल.

प्रतिसाद 2

'तहोमतनामू' राहू द्या हो! बडोद्याच्या मराठीत तेवढं चालतं.

धागाकर्ती

नाशिककर दादा, खूप आभार. मागच्या बाकाचं वाचून लेक उठून बसली, आता सुरुवातच तिथून करणार म्हणते. पण रात्री सासूबाईंनी नवीन काढलं. आरोपी कोठडीत असताना आरोपपत्र दाखल करायला एरवी 60 किंवा 90 दिवस, इथे ते 180 पर्यंत लांबवता येतात. "म्हणजे सहा महिने आत, आणि नंतर सुटला तर?" विरोधी बाजू हे विचारणारच. यावर काही आहे का? शनिवारपर्यंत सांगितलंत तर बरं.