मदत हवी आहे: पाया खोदताना कडुनिंब कसा वाचवायचा?

सोलापुरात जुनं घर पाडून त्याच जागी नवीन बांधतोय. जमीन काळी. परसात वडिलांच्या वेळचा कडुनिंब आहे, छातीइतक्या उंचीवर घेर 6 फूट. नकाशात स्वयंपाकघराची भिंत खोडापासून 14 फुटांवर येते. ठेकेदाराचं म्हणणं, "मुळं खोल असतात हो, वरची चार तोडली तर काय होतंय?" जेसीबीने सलग चर मारायचा आणि निघालेली माती बुंध्याशी ओतायची, असा त्याचा बेत. काका म्हणतात, भिंतींना तडे जातील, झाडच काढा. पाया वेगळ्या पद्धतीने घेता येईल का? आणि पालिकेची परवानगी फक्त झाड तोडायलाच लागते का?

प्रतिसाद १
ठेकेदार चुकतोय. पाणी ओढणारी बहुतेक मुळं वरच्या दोन फुटांतच असतात आणि फांद्यांच्या सावलीच्याही बाहेर पसरतात. ढोबळ हिशेब असा: घेर भागिले 3.14 म्हणजे व्यास, त्याच्या 12 पट त्रिज्येचं वर्तुळ जपायचं. तुमचं येतं साधारण 23 फूट. म्हणजे भिंत आत येणारच, निदान चर तरी टाळा.

काळ्या मातीत तसेही अंडर-रीम्ड पाइल (तळाशी फुगीर केलेले, जमिनीत ओतलेले काँक्रीटचे खांब) घेतातच: किमान 3.5 मीटर खोल, वर बीम. माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, तडे मुळात त्यामुळे जातात. झाड पाणी ओढून आकसणं वाढवतं, एवढं काकांचं खरं. पाइल या हलत्या थराखाली टेकतात. फुगणाऱ्या मातीसाठी बीमखाली फट ठेवतातच, फक्त झाडाच्या बाजूचा बीम जमिनीत न पुरता वर घ्यायला सांगा. पाइलच्या जागी वरचे दोन फूट हाताने खोदा. जाड मूळ लागलं तर इंजिनिअरला विचारून पाइल सरकवा. बारीक मुळं करवतीने साफ कापा, जेसीबीने ओढली की आतपर्यंत फाटतात.

प्रतिसाद २
महाराष्ट्राच्या 1975 च्या नागरी वृक्ष कायद्यात "झाड तोडणे" या व्याख्येतच कुठल्याही प्रकारे इजा करणंही येतं. वय 50 च्या वर असेल तर 2021 च्या दुरुस्तीनुसार ते हेरिटेज झाड. वृक्ष अधिकाऱ्याकडे आधीच अर्ज द्या.

आणि काम सुरू व्हायच्या आधी पत्र्याचं कुंपण घाला, नंतर नाही. एकदा खडीचा ट्रक आत गेला की माती दबते, मुळांना हवा मिळत नाही. सिमेंट कालवलेलं पाणीही तिथे नको. बुंध्याशी भराव तर अजिबात नको. झाड लगेच मरत नाही, दोन-चार वर्षांनी शेंडे वाळतात, तोवर ठेकेदार पैसे घेऊन गेलेला असतो.

धागाकर्ता
आभार. पाइलचं इंजिनिअरशी बोलतो. आता ड्रेनेजची लाइनही त्याच बाजूने दाखवली आहे, ती काय करू?

प्रतिसाद १
दुसऱ्या बाजूने वळवा, पाइप थोडा जास्त लागेल. उतार मिळत नसेल तर लेव्हल (जमिनीच्या उंचीची मापं) टाका इथे, बघू.