ब्रेन-बँडचं फर्मवेअर खरंच ‘दोन दिवसांचं काम’ आहे का?

हिंजवडी_फेज२:
मेंदूचे विद्युत संकेत (ईईजी) टिपणाऱ्या डोक्यावरच्या पट्टीचं फर्मवेअर, म्हणजे तिच्या चिपमध्ये बसणारा प्रोग्राम, त्याबद्दल कालच्या पोस्टमधलं वाक्य: ‘ईईजी हेडबँडचं फर्मवेअर दोन दिवसांचं काम आहे. आर्डुइनोच्या लूपमध्ये एडीसी वाचा, ब्लूटूथवर ढकला, बाकीचं अ‍ॅपमधलं मशीन लर्निंग बघून घेईल.’ हे वाचून गप्प बसवत नाही.

संकेत आकड्यांत बदलणारी एडीसी चिप म्हणून एडीएस१२९९ च घेऊ. आठ चॅनेल, २४ बिट, सेकंदाला २५० सॅम्पल (मोजण्या). दर ४ मिलिसेकंदांनी ‘डेटा तयार’ सांगणारी डीआरडीवाय पिन खाली जाते आणि पुढची वेळ यायच्या आत २७ बाइट उचलावे लागतात: ३ स्टेटसचे, २४ डेटाचे. तेवढ्यात लूपमधून कुणी फ्लॅशमध्ये (कायमच्या मेमरीत) सेटिंग लिहायला गेलं की खेळ खलास. एनआरएफ५२८४० वर (बँडची ब्लूटूथवाली मुख्य चिप) फ्लॅशचं एक पान पुसायला ८५ मिलिसेकंद लागतात आणि फ्लॅशमधून चालणारा सीपीयू तेवढा वेळ ठप्प असतो. म्हणजे २१ सॅम्पल गेले. अ‍ॅपला मात्र दोन तुकडे चिकटलेले मिळतात, सांध्यावर उडी दिसते, आणि मॉडेल तिला डोळ्याची उघडझाप समजून शिकतं. न घेतलेलं सॅम्पल कुठलंच मॉडेल परत आणत नाही.

उपाय: डीआरडीवायचा इव्हेंट पीपीआयमधून (सीपीयूला न विचारता इव्हेंट पोचवणारी चिपमधली वाट) थेट एसपीआयएमच्या (एडीसीतून बाइट उचलणारं हार्डवेअर) स्टार्टला जोडा, रिसीव्ह बफर अ‍ॅरे-लिस्ट मोडमध्ये ठेवा, म्हणजे प्रत्येक वाचन पुढच्या जागेत जातं. सीपीयू अडकला तरी डीएमए (सीपीयूशिवाय मेमरीत लिहिणारा भाग) रॅम भरत राहतो.

सदाशिवपेठी:
पोस्ट माझी होती. रेकॉर्डिंग चालू असताना फ्लॅशला हात लावायचा नाही, एवढा एक नियम पाळला की तुमचे २१ सॅम्पल वाचले. पुण्यात हा आजारच आहे: गाड्यांच्या ईसीयूवर (गाडीतल्या कंट्रोल कॉम्प्युटरवर) काम केलेली मंडळी येतात आणि डोक्यावरच्या पट्टीलाही ऑटोसारसारखे (गाड्यांच्या सॉफ्टवेअरचा ठरलेला साचा) थरावर थर चढवतात. नमुना दाखवायला सहा महिने लागले तर पैसे कोण देणार?

भोसरी_बेंच:
वेळेबद्दल कुणीच बोलत नाहीये. एडीएस१२९९ चा आतला ऑसिलेटर (घड्याळ) खोलीच्या तापमानालाही ±०.५ टक्के इकडेतिकडे असतो. सॅम्पल मोजून ४ मिलिसेकंदांनी गुणलंत तर तासाभरात १८ सेकंदांपर्यंत फरक पडू शकतो. पी३०० (एखादी गोष्ट दिसल्या-ऐकल्यावर साधारण ३०० मिलिसेकंदांनी येणारी मेंदूची लहर) शोधायचा असेल तर मग सगळंच मुसळ केरात. फोनवर पॅकेट आलं ती वेळ धरू नका, पॅकेट झुंडीने येतात. डीआरडीवायची वेळ बोर्डावरच क्रिस्टलवर चालणाऱ्या टायमरने कॅप्चर करा, नाहीतर एडीएस१२९९ च्या सीएलके (घड्याळाच्या) पिनला बाहेरून २.०४८ मेगाहर्ट्झ द्या.

पॅकेटचं गणित: एमटीयू (ब्लूटूथच्या एका पॅकेटची कमाल लांबी) २४७ मिळाला तर पेलोड २४४ बाइट. ९ सॅम्पल × २७ = २४३, उरलेल्या एका बाइटमध्ये क्रमांक. दर ३६ मिलिसेकंदांना एक पॅकेट. क्रमांक ९.२ सेकंदांनी पुन्हा शून्यावर येतो, त्यामुळे त्याहून मोठा खंड पडला तर नुसत्या क्रमांकावरून तो किती होता हे कळणार नाही.

पाषाण_इलेक्ट्रोड:
पॅकेट मोजत बसा. सिग्नल मरतो तो केसांत. खोबरेल लावलेल्या दाट केसांवर कोरडा इलेक्ट्रोड ठेवलात की इम्पिडन्स (त्वचेशी जोडणीचा अडथळा) १०० किलोओहमच्या वर सहज जातो. मग लोक रेकॉर्डिंगमध्येच लीड-ऑफ तपासणी (बारीक करंट सोडून इलेक्ट्रोड टेकलाय का ते बघणं) चालू ठेवतात, आणि तीही ७.८ हर्ट्झवर! मेंदूची अल्फा लहर ८ हर्ट्झपासून सुरू होते. तपासणीचा करंट ६ नॅनोअँपिअर गुणिले १०० किलोओहम म्हणजे ६०० मायक्रोव्होल्ट. ईईजी स्वतः १० ते १०० मायक्रोव्होल्ट. दिसतो तो अल्फा मेंदूचा नसतो. तपासणी ३१.२ हर्ट्झवर, तीही बँड बसवताना करा आणि बंद करा.

हिंजवडी_फेज२:
धागा फर्मवेअरचा आहे, खोबरेल तेलाचा नाही.

पाषाण_इलेक्ट्रोड:
लीड-ऑफचं रजिस्टर कोण लिहितं? फर्मवेअरच ना? गेन (सिग्नल किती पट वाढवायचा) २४ ला इनपुटची मर्यादा ±१८७.५ मिलिव्होल्ट आहे. कोरड्या इलेक्ट्रोडचा डीसी ऑफसेट (न बदलणारा व्होल्टेज) त्यापलीकडे गेला की चॅनेल टोकाला चिकटतो. त्यावर अ‍ॅपने हाय-पास (संथ बदल गाळणारा फिल्टर) लावला की सरळ, शांत रेघ दिसते, आणि बघणाऱ्याला वाटतं माणूस ध्यानाला बसलाय. कच्चा आकडा टोकाजवळ आला की बोर्डावरच त्या सॅम्पलला खुणेचा झेंडा (फ्लॅग) लावा, गेन १२ करा. नॉइज थोडाच वाढतो, मर्यादा दुप्पट होते.

सदाशिवपेठी:
आणि ५० हर्ट्झचा विजेचा गोंगाट? माझा नॉच (तेवढीच फ्रिक्वेन्सी कापणारा फिल्टर) बोर्डावरच आहे, रेघ स्वच्छ येते.

पाषाण_इलेक्ट्रोड:
तीच तर चूक आहे! अरुंद नॉच प्रत्येक उडीनंतर काही काळ घुमत राहतो आणि कच्चा डेटा कायमचा जातो. जुन्या वाड्यात अर्थिंग धड नसतं, बाजूला लॅपटॉपचा चार्जर असतो. तिथे आधी बायस इलेक्ट्रोड (शरीरावरचा हा गोंगाट दाबणारा) नीट टेकलाय का ते बघा. नॉच फक्त पडद्यावर दाखवायला वापरा, साठवायचा तो कच्चा डेटाच.

सदाशिवपेठी:
ठीक. डीएमए आणि क्रमांक मान्य. नॉच अ‍ॅपमध्ये हलवतो. पण आरटीओएस (कामांच्या वेळा सांभाळणारी छोटी ऑपरेटिंग सिस्टिम) घालणार नाही, आणि ब्लूटूथवर सॅम्पल हरवणारच, त्याला फर्मवेअर काय करणार?

हिंजवडी_फेज२:
आरटीओएस मी मागितलाच नव्हता, माझा प्रतिसाद पुन्हा वाचा.

भोसरी_बेंच:
हवेत हरवत नाहीत हो. कनेक्शन टिकून असेपर्यंत लिंक लेयर (ब्लूटूथचा खालचा थर) न पोचलेलं पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवते. रांग तुंबली की सॅम्पल टाकून देतं ते आपलंच फर्मवेअर. फोन मागच्या खिशात गेला की शरीर २.४ गिगाहर्ट्झ शोषतं आणि रांग वाढते. १० सेकंदांच्या रिंग बफरला ६७.५ किलोबाइट लागतात, चिपमध्ये २५६ किलोबाइट रॅम आहे. इनपुट आतूनच शॉर्ट करा, फोन मागच्या खिशात ठेवून तासभर चाला आणि क्रमांकातल्या फटी मोजा. लूप ठेवायचा की नाही ते मग ठरवा.