मदत हवी आहे: गेम सोडायचा नाहीये पण लॉगइन करायची इच्छाच होत नाही

रात्रपाळी_इंदूर:
मंडळी, जरा लवकर सांगा, मंगळवारी परत रेड (आठ जणांनी मिळून मोठ्या शत्रूशी लढायचं) आहे. गेले काही महिने लॉगइनची स्क्रीन दिसली की पोटात गोळा येतो. आधी ऑफिस सुटलं की कधी घरी पोचतो असं व्हायचं. आता रात्री साडेआठला डेली रिसेट झालं, म्हणजे गेममधली रोजची कामं नव्याने खुली झाली, की ताट कीबोर्डशेजारी ठेवायचं, रूलेटला (अनोळखी लोकांबरोबर कुठल्याही लढाईत टाकणाऱ्या रोजच्या कामाला) नाव लावायचं, एक हात पोळीवर एक माउसवर, आणि क्यू लागली की आनंद राहिला बाजूला, नुसती चिडचिड, आई काही बोलली तरी तिच्यावर ओरडतो. रेड साडेबाराला सुरू होते ती तीनपर्यंत चालते, सकाळी नऊला ऑफिस. मित्र सराफ्यात गराडू खायला जातात, मी इथे सगळ्यांचे हेल्थ बार (जीव किती उरला त्या पट्ट्या) बघत बसलेला. पण ग्रुप खरंच चांगला आहे, मी गेलो तर बाकीचे सात अडकतात. शिवाय घर जाईल. यातून कोणी बाहेर आलंय का? आणि प्लीज 'डिलीट कर' सांगू नका, ते घरचे रोज सांगतात.

सुदामानगरवाला:
घर जाईल म्हणजे? भाडं थकलंय का? माझ्या ओळखीत अन्नपूर्णा रोडला एक खोली रिकामी आहे, सांग.

मालवी_मुलगी:
अरे गेम कोणता ते तरी लिही! आणि रेड मध्यरात्री का?

रात्रपाळी_इंदूर:
फायनल फँटसी चौदा. घर गेममधलं हो, लॉटरीत लागलेलं. युरोपचा सर्व्हर आहे, ग्रुप जर्मन आणि पोलिश लोकांचा, त्यांचे रात्रीचे आठ म्हणजे आपले साडेबारा. मी हीलर, म्हणजे लढाईत बाकीच्यांना जिवंत ठेवणारा.

रामबागचे_काका:
बाळा, हे हलक्यात घेऊ नकोस. जागतिक आरोग्य संघटनेने गेमिंगचा विकार आजारांच्या यादीत घातलाय, 2022 पासून ती यादी लागू आहे. डॉक्टरांना दाखव. सकाळी पिपल्यापाल्याच्या बागेत चक्कर मारत जा, महिन्याभरात फरक पडतो की नाही बघ.

मालवी_मुलगी:
काका, त्या विकारात खेळण्यावर ताबा राहत नाही, बाकी सगळ्यापेक्षा खेळ मोठा होतो आणि नुकसान दिसत असूनही माणूस खेळतच राहतो, आणि हे साधारण 12 महिने चाललेलं असावं लागतं. याला तर खेळावंसंच वाटत नाहीये. दोन्ही एकच कसं धरता?

रामबागचे_काका:
झोप मोडतेय, आईवर ओरडतोय, हे त्यानेच लिहिलंय ना. मी नाव काय द्यायचं यावर भांडत नाही. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर आहे, फुकट, चोवीस तास. बोलायला काय जातंय.

ओर्क_बडोदेकर:
भाऊ तो गेमच सोड आणि वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टला ये, तोही असाच ऑनलाइन गेम. माझा बडोद्याचा पूर्ण ग्रुप आहे, दांडिया बाजारातलेच चौघं आहेत, सगळे मराठी, वेळ आपल्या सोयीची. एकदा ट्राय तर कर.

मालवी_मुलगी:
आगीतून फुफाट्यात. तिकडे काय साप्ताहिक बक्षिसाची पेटी नाही? तिच्यासाठी आठ-आठ डंजन (राक्षसांनी भरलेली तळघरं) मारणारे माझ्या घरात आहेत.

ओर्क_बडोदेकर:
आठ कोणी सक्तीने मारायला लावत नाही, एक मारलं तरी पेटी उघडते. चुकीची माहिती देऊ नका.

जुना_रूनस्केपी:
माझा अनुभव सांगतो. ओल्ड स्कूल रूनस्केपमध्ये एखाद्या कौशल्यात 99 लेव्हलला 1,30,34,431 एक्सपी (अनुभवाचे गुण) लागतात आणि 92 ला जेमतेम निम्मे होतात. म्हणजे 92 वर आलो, आता सात लेव्हल राहिल्या असं वाटतं पण अर्धा रस्ता पुढेच असतो. मी मासेमारीत तिथेच थांबलो. त्यानंतर फक्त गप्पा मारायला जातो, फार छान वाटतं.

सुदामानगरवाला:
पण त्याचा गेम वेगळा आहे ना?

उशिराची_हीलर:
मी हाच गेम खेळते, हीलरच. रात्रपाळी, नीट ऐक. रूलेट रोज करायलाच पाहिजे असं कोणी सांगितलं? आठवड्याचे 450 टोमस्टोन (चांगलं सामान घ्यायचं गेममधलं चलन) मंगळवारी दुपारी दीडच्या आत कधीही भरता येतात, शनिवारी हंट ट्रेन (घोळक्याने एकामागून एक राक्षस मारत फिरतात ती) पकड, बरेचसे एका बसणीत होतात. म्हणजे जेवताना माउस नको. दुसरं, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी युरोपातली घड्याळं तासभर मागे जातात. तुझी रेड उन्हाळ्यात साडेअकराला असणार. बरोबर?

रात्रपाळी_इंदूर:
हो!! साडेअकराच होती. त्रास आधीपासून होता, पण असह्य झालं ते दिवाळीनंतरच.

उशिराची_हीलर:
मग तेच लिही त्यांना. त्यांच्यासाठी आठ म्हणजे आठच, तुझा तास गेला हे त्यांच्या ध्यानातही नसेल. सातला सुरू करता येत असेल तर करा, नाहीतर महिनाभर पार्टी फाईंडरमधून (साथीदार शोधायच्या गेममधल्या यादीतून) बदली हीलर घ्या. आठ जणांत दोन हीलर असतात, दुसऱ्याला सवय आहे, अडत नाही. लोक बॉसपाशी रोज बदली घेऊन जातात रे. आणि गेमचे प्रोड्यूसर योशिदा स्वतः जाहीरपणे सांगत आलेत की दमलात तर थांबा, दुसरं काही खेळा, नवा पॅच, म्हणजे अपडेट, आला की परत या. बनवणारा माणूस हे म्हणतो तर तू कशाला स्वतःला जुंपून घेतोस?
घर तुझ्या नावावर आहे की फ्री कंपनीच्या (गेममधल्या खेळाडूंच्या मंडळाच्या)?

रात्रपाळी_इंदूर:
माझ्याच नावावर. म्हणून तर सबस्क्रिप्शन थांबवत नाही.

उशिराची_हीलर:
45 दिवस मालक आत गेला नाही तर पाडतात. म्हणजे महिन्यातून एकदा दारातून आत पाऊल टाकलं तरी बास, रेड करायची गरज नाही. सबस्क्रिप्शनच बंद करायचं असेल तर घराचा मोह सोड आणि अपार्टमेंट घे, ते पाडत नाहीत. कंपनीचं घर असतं तर कोणीही मेंबर आत गेला की चालतं.

रामबागचे_काका:
हे ताई नीट समजावतात. पण सकाळच्या फिरण्याचं मी मागे घेत नाही.

पिंगवाला:
वायफाय आहे की केबल? इंदूरहून युरोप म्हणजे पिंग (सिग्नल जाऊन यायला लागणारा वेळ) भरपूर, चिडचिड त्याचीच असते. हीलरला तर जास्तच, हील टाकेपर्यंत समोरचा मेलेला असतो. केबल लाव आधी.

रात्रपाळी_इंदूर:
केबलच आहे, पिंगची सवय झालीये, तो प्रश्न नाहीये.
ग्रुपच्या डिस्कॉर्ड चॅटवर टाकलं आत्ता, वेळेचं पण आणि बदलीचं पण. दुसऱ्या हीलरने लगेच लिहिलं की त्यालाही सात वाजता जमतं, त्याला लहान बाळ आहे. लीडर कामावर आहे, त्याचं उत्तर यायचंय. आज रूलेट लावत नाही, आईबरोबर जेवतो.

सुदामानगरवाला:
छान. आणि रात्री सराफ्यात ये, आम्ही अकराला निघतोय.

पिंगवाला:
केबल कोणती, कॅट सिक्स का?